बालपणीचं वॉशिंग मशीन भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या घरगुती वस्तूंचा विषय निघाला की खान्देशातल्या घराघरांत वॉशिंग मशीनच्या आठवणी ऐकायला मिळतात आणि त्या जवळपास सारख्याच असतात. मशीन चालत चालत मोरीबाहेर यायचं, साड्यांचा दोरखंड करून टाकायचं, हात लावला की झिणझिण्या यायच्या, कपड्यांना कुबट वास राहायचा. आम्ही दोघे ही मशीनं उघडून दुरुस्त करणारे. आमचं म्हणणं एवढंच, की यातली एकही गोष्ट मशीनचा स्वभाव नव्हती. प्रत्येकीमागे ठरावीक बिघाड होता आणि बहुतेकदा तो पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर हाताशी असले की निघणारा होता. यातली कितीतरी मशीनं आजही मागच्या पडवीत, जिन्याखाली उभी आहेत आणि भंगारवाल्याची हाक आली की जातात. ती जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

मशीन म्हणजे दोन टबांचं, सेमी-ऑटोमॅटिक. १९८०च्या दशकाच्या शेवटी ती आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत येऊ लागली. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेलं व्हिडिओकॉन, पुदुच्चेरीत मशीनं बनवणारं टीव्हीएस-व्हर्लपूल, बीपीएल, गोदरेज ही नावं सगळ्यांना आठवतात. रंग आणि बटणं निराळी असली तरी आतली रचना थोड्या फरकाने एकच. डावीकडे धुण्याचा टब, त्याच्या तळाशी पल्सेटर, म्हणजे बायाबापड्या ज्याला पंखा किंवा चकती म्हणतात तो. त्याच्याखाली गिअर बॉक्स किंवा नुसता बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी), पुली म्हणजे पट्ट्याचं चाक, पट्टा आणि वॉशची मोटार. उजवीकडे कपडे पिळण्याचा ड्रायर, त्याच्या दांड्याला थेट जोडलेली दुसरी मोटार. वर दोन टायमर, धुण्याचा १५ मिनिटांचा आणि ड्रायरचा ५ मिनिटांचा. एकही इलेक्ट्रॉनिक पाटी नाही. म्हणूनच तीस वर्षांनीही ते दुरुस्त होतं.

आता चालणाऱ्या मशीनचं. ते चालायचं फक्त ड्रायर फिरताना. ड्रायर मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो. या वेगात मध्यापासून १० सेंटिमीटरवर एका बाजूला १०० ग्रॅम वजन जास्त झालं, तर ते सुमारे १९ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ओली जीन पॅन्ट एकीकडे आणि दोन रुमाल दुसरीकडे असले की काय होत असेल, ते यावरून कळेल. कपड्यांचे बोळे करून ड्रायरमध्ये कोंबू नयेत. एकेक कपडा भिंतीलगत गोल बसवायचा, हाताने खाली दाबायचा आणि वरून ती जाळीची प्लास्टिक चकती ठेवायची. ती चकती बहुतेक घरांत पहिल्या वर्षातच हरवलेली असते. तिच्याशिवाय हलका कपडा वर उडतो आणि डब्याच्या कडेवरून बाहेर जातो.

तो बाहेर गेलेला कपडा ही ड्रायर बंद पडण्यामागची आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट. ड्रायरचा भोकांचा डबा आणि त्याच्या बाहेरचा टब यांच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट असते. लहान मुलाचा मोजा, रुमाल, ब्लाउजची नाडी त्यात घसरते, खाली जाऊन दांड्याला गुंडाळते आणि मोटार नुसती गुणगुणते. घरात समजतात मोटार जळली. प्लग काढून, मागच्या बाजूने ब्रेक सोडवून धरून डबा हाताने फिरवून पाहावा. जड लागला, रबरासारखा परत फिरला, तर आत कपडा आहे. सायकलच्या आऱ्याच्या टोकाला बारीक आकडा वळवून, बॅटरीच्या उजेडात तो हळूहळू वर ओढून काढता येतो. ओढताना डबा उलट दिशेने फिरवत राहायचं, नाहीतर गुंडाळी घट्ट होत जाते आणि दांड्याच्या बुडाचं पाणी अडवणारं रबरी सील फाटतं.

कपडे नीट बसवूनही मशीन धडधडत असेल तर मागचं झाकण काढून ड्रायरच्या मोटारीखाली पाहावं. मोटार तीन स्प्रिंगांवर उभी असते आणि स्प्रिंगांत रबराचे गट्टे असतात. एक जरी तुटली तरी डबा एका अंगाने कलतो. तिन्ही एकदम बदलाव्यात, एकच नवी घातली तर तीच उंच राहते. मोरीचा उतार हेही मोठं कारण. शहाबादी फरशी पाण्याच्या वाटेकडे उतरती बसवलेली असते आणि मशीन नेमकं तिथेच ठेवलेलं असतं. मशीनच्या पायाखाली घातलेला विटेचा तुकडा सरकतो. जाड रबराची पट्टी कापून घालावी आणि मशीनवर पाण्याने भरलेली वाटी ठेवून पाणी कुठल्या बाजूला कलतं ते पाहावं.

साड्यांच्या गाठींचं उत्तर टायमरमध्ये आहे. धुण्याचा टायमर म्हणजे आत स्प्रिंग भरलेलं घड्याळ. खटका फिरवला की स्प्रिंग ताणली जाते, चक्रं टिकटिक करत उलगडत जातात आणि त्यांच्या कडेचे उंचवटे पितळी पत्त्यांना वर-खाली उचलतात. एक पत्ता टेकला की मोटार उजवीकडे, मग क्षणभर थांबा, दुसरा टेकला की डावीकडे. पत्त्यांवर वीज जोडणाऱ्या बारीक टिकल्या असतात. ठिणगीने एक टिकली जळाली की मोटार एकाच दिशेने फिरत राहते आणि साडेपाच मीटरची सहावारी चार-पाच वेळा वळली की तिचा दोर होतो. नऊवारीचं तर विचारूच नये, ती आठ मीटरच्या वर असते. काही मशीनांत ‘स्ट्राँग’वर मुद्दामच एकाच दिशेची चाल असते, तेव्हा साडी ‘नॉर्मल’वरच धुवावी आणि चौघडी घडी करून जाळीच्या पिशवीत घालावी. टायमरचा खटका मागे फिरवून वेळ कमी करण्याची सवय घातक. त्यानेच आतले दाते झिजतात.

मोटारीचा दोष कोणता आणि टायमरचा कोणता, हे कानाने ओळखता येतं. वॉशच्या मोटारीला तीन वायरी असतात. एक सामाईक, उरलेल्या दोन दोन दिशांच्या, आणि त्या दोघींमध्ये कपॅसिटर, ज्याला आपल्या बाजारात कंडेन्सर म्हणतात. मोटार दोन्ही दिशांच्या वेळी गुणगुणते पण फिरत नाही, तर कंडेन्सर गेला. एका वेळी फिरते आणि दुसऱ्या वेळी पूर्ण गप्प, तर टायमर. दोन्ही वेळा गप्प असेल तर फ्यूज, प्लग, वायर, मग टायमर, आणि शेवटी मोटार. हा क्रम उलटा करून आधी मोटार बदलायला सांगणारा कारागीर टाळावा. वॉशला साधारण १० मायक्रोफॅरडचा आणि ड्रायरला ५च्या आसपासचा कंडेन्सर असतो, दोन्ही ४४० व्होल्टचे. जुन्यावर छापलेला आकडा पाहून तोच घ्यावा. मोठा घातला की मोटार जोरात चालते ही समजूत चुकीची आहे, ती फक्त जास्त तापते. काढण्यापूर्वी प्लग उपसून कंडेन्सरची दोन टोकं एखाद्या बल्बच्या वायरींना लावून रिकामी करावीत, कारण प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

मोटार गुणगुणते आणि कंडेन्सरही चांगला आहे, असं असेल तर घरातल्या विजेचा दाब पाहावा. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की ड्रायर उचलतच नाही. दोष मशीनचा नसतो. सकाळी लवकर धुणं काढणं हाच उपाय.

रबर जळाल्याचा वास आणि किर्र आवाज म्हणजे पट्टा घसरतोय. पट्ट्याच्या मध्यावर अंगठा दाबला तर तो सुमारे अर्धा इंच दबावा. जास्त दबत असेल तर मोटारीचे बोल्ट सैल करून, लांबट भोकांत ती बाहेर सरकवून पुन्हा आवळायची. पट्ट्यावर नंबर छापलेला असतो, त्यातला एक नंबरही मागेपुढे चालत नाही. पण नवा पट्टा महिन्याभरात पुन्हा घसरू लागला तर वर पाहावं. पल्सेटरच्या दांड्याभोवतीचं सील गळत असतं, थेंब पुलीवर पडतो आणि पट्टा ओला होतो. पट्टा बदलत राहून उपयोग नाही, सील बदलायला हवं.

आणि सील का जातं, तर आपल्या काळ्या मातीमुळे. शेतातून आलेले कपडे तसेच मशीनमध्ये टाकले की माती पल्सेटरखाली बसते आणि दांड्याबरोबर फिरून रबर कुरतडते. असे कपडे आधी वाळलेले असतानाच झटकावेत, मग बादलीत साध्या पाण्यातून काढावेत आणि मगच मशीनमध्ये. रावेर-यावलच्या केळीच्या भागात आणखी एक अडचण, केळीचा चीक. तो ओला असताना रंगहीन असतो, वाळून हवा लागली की तपकिरी होतो, आणि मग मशीनच काय, धोपटण्यानेही निघत नाही. बागेतून आल्याबरोबर चीक ओला असतानाच गार पाण्यात चोळावा. गरम पाणी आणि सोडा तेव्हा वापरू नये, डाग पक्का होतो.

कुबट वास आणि कपड्यांवर चिकटणारे काळे पापुद्रे पल्सेटरखालून येतात. तो काढायला मधला एकच स्क्रू असतो. पण क्षाराने पल्सेटर दांड्याला धरून बसलेला असतो आणि लोक स्क्रू-ड्रायव्हरने कड उचकटून टब फोडतात. स्क्रू काढल्यावर दोन जुन्या नाड्या समोरासमोरच्या कडांखालून ओवाव्यात, टोकं वर धरून सरळ उचलावं. आला नाही तर मध्यावर गरम पाणी ओतून पाव तास थांबावं. खाली काय सापडतं, ते एकदा पाहण्यासारखं असतं: साबणाचा करडा चिखल, सुती तंतूंचं नमद्यासारखं वेटोळं, पिना, शर्टाची बटणं, नाणी आणि तळाला खरवडलं तरी न निघणारा पांढरा थर. तो थर आपल्या पाण्याचा आहे.

बोअरचं पाणी जड, त्यात चुना आणि मॅग्नेशियम. साबण त्यात फेसत नाही, त्याची चिकट साय होते आणि ती टबाच्या मागे बसते. म्हणून मशीनमध्ये साबणाची वडी किसून टाकू नये, पावडरच वापरावी. पाणी फार जड असेल तर आधी पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून पाच मिनिटं थांबावं, मग पावडर टाकावी. पावडर कमी लागते. पांढरा थर काढायला १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात विरघळवून टब भरावा, दहा मिनिटं फिरवून तासभर तसंच ठेवावं, पुन्हा फिरवून सोडून द्यावं. तीन महिन्यांतून एकदा पुरे. संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नये, त्याने दांडा आणि पत्रा दोन्ही जातात. आणि लिंबूसत्त्वाबरोबर ब्लीचिंग पावडर मुळीच मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी निघत नाही किंवा भरलेलं टिकत नाही, या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणच्या. ड्रेनचा खटका फिरवला की एक दोरी किंवा पट्टी रबराच्या घडीदार झडपेला वर ओढते. झडपेखाली काडी किंवा धागा अडकला की ती पूर्ण टेकत नाही आणि पाणी झिरपतं. झडपेच्या डब्याचं टोपण फिरवून काढलं की सगळं हातात येतं. नळी जमिनीलगतच राहायला हवी. ती उचलून बेसिनमध्ये सोडतात, पण या मशीनला पंप नसतो, पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं.

झिणझिण्यांचा विषय मात्र हलका घेण्यासारखा नाही. ड्रायरच्या दांड्याचं सील गळलं की पाणी थेट खालच्या मोटारीवर पडतं आणि वीज पत्र्यात उतरते. ती जमिनीत जायला अर्थिंग हवं. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून माती सुटते. मार्चपासून जूनपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं. दोन पिनांचा प्लग लावून तिसरी वायर कापून टाकलेली मशीनं आजही दिसतात, ती तशी चालवू नयेत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा स्विच, बोर्डात बसवून घेतला तर गळती होताच वीज तुटते. मशीनच्या बुडाला पत्रा नसेल तर बारीक जाळी ठोकावी, कारण उंदीर खालूनच शिरतो आणि वायरीचं प्लास्टिक खातो. तेही शॉकचं नेहमीचं कारण.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, फुली ऑटोमॅटिक घ्यावं. ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी आणि उंच टाकी आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. पण त्या मशीनला नळातून दाब लागतो, टाकीचं बूड मशीनच्या नळापासून निदान तीन मीटर उंच हवं. गच्चीवरची टाकी आणि वरच्या मजल्यावरचं मशीन, इतकी उंची कुठून येणार? आणि आपल्या गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. जळगावला वाघूर, धुळ्याला तापी आणि नकाणे तलाव, कुठेही विचारा, घरात पिंप आणि बादल्या भरलेल्याच असतात. दोन टबांचं मशीन बादलीने भरतं. साधारण तीन बादल्या, म्हणजे ४० लिटर साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिके रंग, मग गडद आणि शेवटी शेतातले कपडे धुऊन निघतात. खळबळायला दोनदा ४० लिटर धरले, तरी चारही घाण्यांना मिळून १२० लिटर. वरून कपडे टाकायचं फुली ऑटोमॅटिक जवळपास तेवढं पाणी एका घाण्याला घेतं. खळबळण्याचं दुसरं पाणी पुढच्या वेळच्या साबणाला ठेवावं. साबणाचं पाणी झाडांना मात्र घालू नये, त्यातल्या सोड्याने काळी माती आणखी चिकट आणि घट्ट होते.

कपडे किती घालावेत, याचं भान नसल्यानेही पुष्कळ मशीनं गेली. मशीनवर लिहिलेलं वजन कोरड्या कपड्यांचं असतं. जीन पॅन्ट सहा-सातशे ग्रॅम, शर्ट दोन-अडीचशे, डबल बेडची चादर पाऊण किलोपर्यंत. ड्रायरची क्षमता धुण्याच्या टबापेक्षा कमी असते, म्हणून एक घाणा दोनदा पिळावा. गोधडी मशीनमध्ये कधीही घालू नये. भिजल्यावर तिचं वजन कितीतरी पट होतं आणि गिअर बॉक्सचे दाते तुटतात.

दुरुस्ती कुठवर करावी, हेही सांगायला हवं. बाहेरचा टब तडकला असेल किंवा बुडाचा पत्रा गंजून पाय निखळले असतील, तर सोडून द्यावं. ते मग ई-कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्यावं, वॉशिंग मशीन त्या नियमांत येतं. बाकी पट्टा, सील, कंडेन्सर, टायमर हे सगळं मिळून नव्या मशीनच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. जळालेली मोटारही टाकू नये. विहिरीच्या मोटारी भरणारे, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून देणारे, आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत, ते हीसुद्धा भरून देतात. जुन्या मोटारींत बहुधा तांब्याची तार असते आणि भंगारवाल्याला नेमकं तेच ठाऊक असतं.

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन एकदम प्लगला लावू नये. आधी मागचं झाकण काढून उंदराचं घरटं, कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. पल्सेटर वरून, आणि ड्रायर त्याचं झाकण बंद ठेवून मागच्या बाजूने, हाताने फिरवून पाहावेत. दोन्ही मोकळे फिरले पाहिजेत. ड्रायरचं झाकण उचललं की ब्रेकची तार सैल पडून डबा जागीच धरला जातो का, तेही पाहावं. फिरता डबा झाकण उघडल्यावर दहा-पंधरा सेकंदांत थांबलाच पाहिजे, आणि झाकणाचा स्विच तारेने जोडून कायमचा चालू केलेला असेल तर तो आधी सोडवावा, लहान मुलांचे हात त्यातच सापडतात. मग कोरड्या फरशीवर रद्दीचा पेपर पसरून त्यावर मशीन उभं करावं, धुण्याच्या टबात वीतभर पाणी भरावं, ड्रायरच्या टबात मधूनमधून पाणी ओतावं (ते नळीतून निघून जातं, नळी कागदाबाहेर ठेवावी) आणि वीज न लावता अर्धा तास थांबावं. कागद डावीकडे मध्यावर ओला झाला तर पल्सेटरचं सील, उजवीकडे झाला तर ड्रायरचं, दोन्हींच्या मागे झाला तर ड्रेनची झडप किंवा नळीचा जोड. कागद कोरडा राहिला तरच प्लग लावावा.

आपले,
घरगुती यंत्रं दुरुस्त करणारे दोघे कारागीर,
जळगाव